न विकायचा तांब्या

दळवीकाकांच्या घरी गेलेलं भांडं परत येतं तेव्हा त्यावर नाव असतं. आपण सांगितलेलं नसतं, तरी असतं. आम्ही भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, शेजारी म्हणून त्यांच्याकडे डब्यातून साबुदाण्याची खिचडी पाठवली. तासाभरात डबा घासूनपुसून परत आला आणि झाकणावर ठसठशीत अक्षरांत ‘सौ. वैशाली नितीन परब’. वैशाली दिवसभर धुसफुसत होती. डबा तिच्या बहिणीचा होता.

काका तीस वर्षं गिरगावात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घालायचे. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसायची. पुढे तिथली खोली विकून काका-काकू भाईंदरला आले, तेव्हा बाकीचं सामान टेम्पोत गेलं आणि नावं घालायचं मशीन काकांच्या मांडीवर. इथे दुकान नाही, लग्नसराई नाही, पण हात गप्प बसेना. मग त्यांनी बिल्डिंगवर लक्ष वळवलं. लिफ्टच्या स्टीलच्या दारावर सोसायटीचं नाव घातलं तेव्हा सेक्रेटरी जिग्नेशभाईंनी कपाळाला हात लावला.

‘‘काका, लिफ्ट को कौन चुरा के ले जायेगा?’’

‘‘नाम रहेगा तो चीज घर आयेगी,’’ काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मराठीतही तेच, ‘‘नाव असलं की वस्तू घरी येते.’’ दिवसातून चार वेळा तरी ऐकावं लागायचं.

मी एका रविवारी जुना कॅमेरा इंटरनेटवरच्या लिलावात विकायला लावत होतो, तेव्हा काका मागे येऊन उभे राहिले. घरबसल्या लिलाव होतो, मुंबईच काय, परदेशातलीही माणसं बघतात, हे त्यांना पटेचना. गंमत म्हणून मी माझं नाव टाकून शोधून दाखवलं. नितीन परब नावाचा एक दाताचा डॉक्टर निघाला.

‘‘असं सगळेच आपलं नाव टाकून बघतात?’’

‘‘एकदा तरी बघतातच काका.’’

ते चहा अर्धा टाकून गेले. पुढच्या रविवारी सकाळी दहाला तांब्याचा एक तांब्या घेऊन हजर. लखलखीत घासलेला, पोटावर सुरेख अक्षरांत ‘सुषमा’. कुणी गिऱ्हाईक न्यायचं विसरलं असेल असं मी समजलो. काकांनी किंमत सांगितली ती ऐकून मला हसू आलं. तेवढ्यात त्या वेळी फ्रीज आला असता.

‘‘एवढ्याला कोण घेईल?’’

‘‘घेऊ नयेच कुणी. विकायचा नाहीये तो. दाखवायचाय.’’

मग त्यांना स्वतःची वेबसाईट हवी झाली. मी फुकटातली एक बनवून दिली. एकच पान. काका-काकूंचं नाव, इंद्रलोकचा पत्ता, फोन नंबर आणि स्टेशनपासून यायचं कसं ते, रिक्षा कुठे मिळते, कुठल्या मेडिकलच्या दुकानाशी वळायचं इथपर्यंत. खाली किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा. जाहिरात म्हणावी तर धंद्याचा एक शब्द नाही. ‘‘अहो, कामाचं काहीतरी लिहा,’’ मी म्हटलं. ‘‘पत्ता नीट आहे ना? बास,’’ ते म्हणाले.

पण आपली वेबसाईट म्हणजे बोळातलं दुकान, तिथे आपणहून कोण वळणार? म्हणून लिलावाच्या पानावर ‘सुषमा नावाचा तांब्या’ असं इंग्रजीत लिहून खाली वेबसाईटची लिंक द्यायची, असा काकांचा बेत. आम्ही दिली. दोन दिवसांत कंपनीने ती काढून टाकली. विकणाऱ्याने लिलावाच्या पानावरून स्वतःच्या वेबसाईटवर माणसं न्यायची नाहीत, असा नियम होता. काका उसळले.

‘‘गिऱ्हाईक विचारतं, तुम्ही कुठे बसता? तर पत्ता सांगायचा नाही? हा कुठला बाजार रे?’’

त्यांनी मला अर्ज सांगितला, ‘महाशय, सविनय निवेदन असे की’पासून. मी त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं. उत्तरादाखल दर वेळी तीच ताकीद, फक्त खालचं नाव वेगळं. ‘‘ही पोरं रोज नोकरी सोडतात वाटतं,’’ काका म्हणाले.

तिसऱ्या ताकिदीनंतर काकांनी जे केलं ते फक्त नावं घालणाराच करू जाणे. त्यांनी वेबसाईटचा पत्ता तांब्यावरच कोरला, सुषमाच्या नावाखाली. इंग्रजी फारसं येत नसताना, माझ्याकडून कागदावर लिहून घेऊन, एकेक अक्षर. ‘‘हे तीन-तीन डब्ल्यू कशाला? एकात भागत नाही?’’ एवढीच काय ती कुरकुर. मग तांब्याचा फोटो काढून तो लावला. लिहिलेल्यात लिंक नाही, नियम पाळला! महिनाभर आम्ही दोघे चोरी पचल्यासारखे खुशीत होतो.

महिन्यानंतर मेल आला. फोटोतला पत्ताही चालत नाही, वारंवार नियम मोडल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद. मी वाचून दाखवलं आणि हसत म्हटलं, ‘‘जाऊ दे काका, तसाही तुम्हाला विकायचा कुठे होता?’’

काका हसले नाहीत. त्यांनी तांब्या मांडीवर घेतला.

‘‘सुषमा माझी मुलगी,’’ ते म्हणाले.

मी त्यांना मूलबाळ नाही असंच धरून चाललो होतो. सात वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. काकांनी तिला सांगितलं, या घरात परत यायचं नाही. तिच्या लग्नासाठी ती कॉलेजात असल्यापासून एकेक करून जमवलेली, नाव घातलेली भांडी त्याच आठवड्यात मोडीत घातली. हा एक तांब्या काकूंनी तांदळाच्या डब्यात लपवला म्हणून वाचला.

‘‘वर्षभराने तिचं पत्र आलं होतं. मी ‘घेण्यास नकार’ लिहून पोस्टमनला परत दिलं. मागे तिचा पत्ता होता रे. जन्मभर लोकांची नावं वाचली, आणि तो पत्ता मी वाचलासुद्धा नाही. मग खोली विकली. आता ती आली तरी तिथे तिला कोण सांगणार, आम्ही कुठे गेलो?’’

‘‘पेपरात जाहिरात देऊ या,’’ मी म्हटलं.

‘‘कशात? ‘हरवले आहेत’मध्ये? ती हरवलेली नाही. मी घालवलीय.’’

मी तीन महिने त्या माणसाची थट्टा करत आलो होतो. फार लाज वाटली.

लिलावाची वाट बंद झाली, वेबसाईट तेवढी राहिली. काका दर रविवारी येऊन आकडा बघायचे. आमच्या उघडण्याचा एक सोडला तर तो हलायचा नाही. दोन-तीन रविवार मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मग ऑफिसातून रोज जेवायच्या सुट्टीत ते पान एकदा उघडायला लागलो. पुढच्या रविवारी आकडा सातने वाढलेला. ‘‘आपला आत्ताचा एक वजा,’’ काका म्हणाले. ‘‘सहा. नितीन, कुणीतरी येतंय!’’ ते चप्पल न घालताच काकूंना सांगायला गेले. मी उघडणं सोडलं नाही. वर्षभर हेच चाललं.

मग चुलतभावाच्या लग्नासाठी मी चार दिवस गावी गेलो. परतल्यावर रविवारी काका आले, नेहमीसारखे दहाला. आकडा तीनने वाढला होता.

‘‘आपला एक वजा,’’ काका म्हणाले. ‘‘दोन.’’

आम्ही दोघेही पडद्याकडे बघत होतो.

‘‘गावाला चार दिवस होतास, नाही का?’’

‘‘हो.’’

‘‘ऑफिसातनं उघडतोस?’’

मी मान हलवली. मला वाटलं चिडतील, कॉम्प्युटर बंद कर म्हणतील. काकांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

‘‘ही रोज संध्याकाळी विचारते, आज आली होती का. मी हो म्हणतो,’’ ते म्हणाले. ‘‘ते चार दिवसही हो म्हटलं, आणि ते खोटं होतं.’’

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘उद्यापासून विसरू नकोस हां.’’