हिरामावशीच्या तीन पाट्या

हिरामावशीकडून मासे घ्यायचे तर आधी परीक्षा द्यावी लागते. पाटीतला एक मासा शेपटीला धरून ती गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर नाचवते आणि विचारते, "ह्याचं नाव काय?" नाव बरोबर आलं की दुसरा प्रश्न येतो, "कशावरून?" दोन्ही उत्तरं पटली तरच भाव सांगते. नाही तर मासा पाटीत परत जातो आणि मावशीची नजर मागच्या गिऱ्हाइकाकडे वळते.

आमचा कोळीवाडा नागावपासून जवळ. शनिवार-रविवारी तिथल्या होमस्टेतली पाहुणेमंडळी अर्ध्या चड्ड्या घालून सकाळी मासळी घ्यायला येतात. त्यातल्या एका गृहस्थांनी हलव्याला पापलेट म्हटलं. मावशीनं मासा तसाच धरून ठेवला. त्यांनी सुचवलं की पापलेटच असेल, उन्हात जरा काळं पडलं असेल. मावशीनं मासा खाली ठेवला. मी पैसे देतोय ना, असं ते म्हणाले, तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं की पैसे सगळेच देतात, पण ज्याला आपण खातो त्याचं नाव तरी माहीत असावं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ परत आले. रात्री फोनवर अभ्यास केला असावा, कारण त्यांनी हलव्याचं नाव सांगितलं, कशावरून तेही सांगितलं, आणि शेजारच्या पाटीतली मांदेलीही ओळखून दाखवली. मावशीनं त्यांना मूठभर मांदेली वर दिली. आजही ते आले की आधी तिच्याकडेच जातात आणि पास होऊन निघतात.

ही हिरामावशी आमची शेजारीण. तिच्या आणि आमच्या घराच्या मध्ये बोंबील वाळत घालायच्या काठ्यांची एक रांग, बस्स. ती चौथी शिकलेली. नवरा आजारात गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी सुनंदा लग्न होऊन वर्सोव्याला असते आणि रविवारी फोन करते. मी ठाण्याला एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. म्हणजे पोट रसायनशास्त्रावर भरतं. आणि हे रसायनशास्त्र मला कॉलेजपेक्षा जास्त हिरामावशीच्या पायरीवर आलं, असं मी म्हटलं तर माझ्याबरोबरचे लोक हसतात.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते आणि हुशार गणली जायचे. अकरावीला अलिबागला सायन्सला नाव घातलं आणि पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजी. फळ्यावरचं मी उतरवून घ्यायची, पण ते वहीतच राहायचं. रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत पंचविसांपैकी पाच मिळाले. पेपर दप्तराच्या तळाशी दडवून मी एसटीतून उतरले. घरी आईला काही कळलं नाही. मावशी पायरीवर बसून सुकट निवडत होती. तिनं मला लांबून पाहिलं आणि विचारलं, "किती पडले?"

कसं कळलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, डोळ्यांवरनं. मासाही तिला डोळ्यांवरनंच कळायचा.

तिनं पेपर मागितला आणि दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. तिला इंग्रजी अक्षरं फक्त पाचच यायची, बोटींच्या अंगावरच्या नंबरातली: आय, एन, डी, एम, एच. त्यातलं एच तिला सापडलं. हे तर आपल्या बोटीवर आहे, असं म्हणून तिनं मला ते दाखवलं. तो हायड्रोजन, मी सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "कशावरून?" मला सांगता येईना. आमचा अभ्यास सुरू झाला तो तिथून.

कॉलेजातल्या सरांनी कार्डं करायला सांगितली होती. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. मी केलीही होती. पण एकेका कार्डावर मी अर्धा धडा कोंबला होता, आणि अभ्यास म्हणजे काय, तर पुढची बाजू वाचायची, उलटून मागची वाचायची, आणि येतंय असं समजायचं. मावशीनं ते बघितलं आणि कार्ड माझ्या हातातून काढून पाठीमागे लपवलं. मग म्हणाली, सांग. मी म्हटलं, मला येतं, फक्त आता आठवत नाही.

"तोंडानं बोल," ती म्हणाली. "मनातलं बाजारात चालत नाय."

हे वाक्य पुढची दोन वर्षं मी रोज ऐकलं.

माझी कार्डं तिला मुळीच पसंत पडली नाहीत. एका पाटीत दहा जातींची मासळी घातली तर गिऱ्हाईक उचलणार काय, असं तिचं म्हणणं. एका कार्डाला एकच गोष्ट. मग कागद पुरेना. तेव्हा तिनं पत्र्याच्या पेटीतून लग्नपत्रिका काढल्या. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं तिला लग्नाला बोलवायची आणि ती एकही पत्रिका टाकून द्यायची नाही. मात्र पत्रिका कापताना गणपती कापू द्यायची नाही. त्यामुळे माझी निम्मी कार्डं वेड्यावाकड्या आकाराची झाली. गंधकाम्लाच्या सूत्राखाली 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं' असं छापलेलं असायचं, आणि अमोनियाच्या अंगावर कुणाच्या तरी हळदीची वेळ.

प्रश्न इंग्रजीत लिहायचा, आणि मावशीला तपासता यावं म्हणून मागे उत्तर मराठी अक्षरांत. तिनं तीन जुन्या लहान पाट्या धुऊन घेतल्या. पहिली ताज्याची. नवीन कार्ड हिच्यात, आणि हिच्यातलं रोज विचारायचं, कारण ताजी मासळी एक दिवस विसरली की गेलीच. दोनतीनदा बरोबर आलं की ते दुसऱ्या पाटीत, बर्फात. बर्फातलं चार दिवसांनी काढून बघायचं. तिथंही टिकलं की तिसरीत, सुक्यात. सुकं महिन्यातनं एकदा उन्हाला दाखवलं तरी चालतं. आणि कुठलंही कार्ड चुकलं की पहिल्या पाटीत परत, तिथं दयामाया नाही. ही पद्धत तिला कुणी शिकवली नव्हती. मासळीचंही तिचं असंच चालायचं.

रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. त्यापुढे पाच मिनिटंही नाहीत. जास्त वेळ हाताळलं की माल मऊ पडतो, असं ती म्हणायची.

सहा महिन्यांत तिला सगळी इंग्रजी अक्षरं आली. पोटॅशियमच्या नावात क कुठं नसताना त्याची खूण के कशी, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. ते कार्ड आलं की ती नाकाला पदर लावायची. सोन्याची खूण तिनं 'आऊ' अशी वाचली आणि सोन्याला आऊ, म्हणजे आई, म्हणणाऱ्याबद्दल चांगलं मत करून घेतलं. कार्बनच्या कार्डावर हिरा आला तेव्हा मात्र तिला पहिल्यांदा पुस्तकात आपलं नाव दिसलं. तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग मी सांगितलं की हिरा आणि कोळसा आतून एकच. ती थोडी विचारात पडली आणि म्हणाली, सासूबाई हेच सांगायच्या.

उत्तर बरोबर आलं तरी ती सोडत नसे. कशावरून, हे असायचंच. मी जे सांगायची त्यातलं तिला फार थोडं समजत असणार. पण मी सांगत असताना ती माझ्या डोळ्यांकडे बघत बसायची, आणि मी कुठे थाप मारली की बरोबर तिथंच बोट ठेवायची. परत सांग, म्हणायची. परत सांगता सांगता ते मला समजायचं.

दुसऱ्या चाचणीत मला पंचविसांपैकी अठरा पडले. मावशीनं ते ऐकलं, मान हलवली आणि उरलेले सात कुठं गेले ते विचारलं. पण दुसऱ्या दिवशी बाजारात तिनं एका अनोळखी बाईला काहीच न विचारता करली मासळी दिली, असं आईनं पाहिलं.

वार्षिक परीक्षा जवळ आली तसं एक विचित्र होऊ लागलं. दिवाळीत पाठ झालेली कार्डं माझ्यासमोर पुन्हा ताज्याच्या पाटीतून येऊ लागली. मला ती यायची, पण ती तिथं होती याचा अर्थ मी मधे कधीतरी चुकले असणार. सुक्याची पाटी भरायच्या ऐवजी रिकामी होत चालली. मी घाबरले. आपली स्मरणशक्ती जाते आहे असं वाटून एसटीत रडले.

परीक्षेला दहा दिवस राहिले होते. त्या दिवशी मी लवकर गेले, मागच्या दारानं. मावशी पाठमोरी बसली होती. सुक्याच्या पाटीतून एकेक कार्ड उचलून, वाचून, निवडून ती ताज्यात टाकत होती.

मला जो राग आला तो आठवला की आजही लाज वाटते. माझी परीक्षा तोंडावर आली आहे आणि तुम्ही खेळ करता, असं मी तिला बोलले. आणखीही बोलले. हातातलं कार्ड कुठल्या पाटीत टाकावं हे न कळल्यासारखी ती बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळं सुकलं तर मंग तू कशाला येशील, वैशू?"

मी सतरा वर्षांची होते. मी तिन्ही पाट्या पिशवीत उलट्या केल्या आणि घरी आले.

दहा दिवस मी एकटीनं अभ्यास केला. प्रश्न मीच विचारायची, उत्तर मीच द्यायची, आणि कशावरून म्हणून थांबले की समोर भिंत असायची. पेपर चांगला गेला. गेला म्हणून सांगायला मी मावशीकडे गेले नाही. मधल्या काठ्यांवर बोंबील होते तोवर तिचं घर दिसायचं नाही, ते बरं वाटायचं. मग बोंबील काढले.

एक दिवस भाकऱ्या थापता थापता आई सहज म्हणाली, हिरा रोज साडेसहाला पायरी पुसते. एवढंच. तिला आमच्यातलं काही माहीत नव्हतं.

मी पिशवी घेऊन गेले. पायरी ओली होती. मावशीनं मला बघितलं आणि आत जाऊन पत्र्याची पेटी आणली. त्या वर्षीच्या लग्नसराईतल्या सगळ्या पत्रिका तिनं कापून ठेवल्या होत्या. सगळी कार्डं कोरी, सारख्या आकाराची, कडा कात्रीनं नीट केलेल्या. गणपतीही कापले होते, ते तेवढे वेगळे गुंडाळून ठेवले होते. ती म्हणाली, बारावीला जास्त लागतील.

माफी मी मागितली नाही, तिनंही नाही. पण त्यानंतर वर्षभर पाट्यांवर तिचा नुसता देखरेखीचा हात. कार्ड कुठं जायचं ते मला ठरवायला लावायची. आणि सुकं भरत गेलं. बोर्डाच्या परीक्षेआधी तिसरी पाटी इतकी भरली की वर फडकं बांधावं लागलं. मावशीनंच ते बांधलं, बोचक्याला बांधतात तशी पक्की गाठ मारून.

निकाल लागला, मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, राहायला वसतिगृह मिळालं. वाड्यात सगळ्यांकडे पेढे देऊन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव्याहून बोट होती. संध्याकाळी साडेसहाला मी मावशीकडे गेले. परीक्षा कुठलीच उरली नव्हती, पण तिनं पाट्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. तेव्हा मीही नेहमीसारखी पायरीवर बसले.

ताज्यात पाचसहा कार्डं होती, कधी आळसानं राहिलेली. ती विचारत गेली, मी सांगत गेले. एकेक कार्ड पुढच्या पाटीत जात होतं. शेवटचं एकच राहिलं. तिनं ते माझ्यासमोर धरलं. एनएसीएल.

पहिल्या महिन्यातलं कार्ड होतं ते. तिथं कसं आलं मला माहीत नाही. मी त्याच्याकडे बघत बसले. वाटलं, हे एक ताज्यातच राहू दे. एक तरी राहिलंच पाहिजे. मी म्हटलं, "मावशी, आठवत नाही."

मीठ. कोळणीच्या पोरीला मीठ आठवत नव्हतं.

मावशीनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. मी नजर हलवली नाही. पलीकडे कुणीतरी बोटीचं इंजिन चालू करून बघत होतं, ते दोनदा बंद पडलं आणि तिसऱ्यांदा चाललं. मावशीनं तिसऱ्या पाटीच्या फडक्याची गाठ सोडली. सुटायला वेळ लागला, तिनं दात लावले. ते कार्ड तिनं सुक्यात ठेवलं, अगदी वर, आणि गाठ परत मारली.

"ह्ये तुना येतं," ती म्हणाली. "जा आता. सकाळी लवकर उठायचा हाय."

मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला सुकटीचा वास होता. मी उठून अंगणातून काठ्यांपर्यंत आले, तोवर मागे तिच्या घरात टीव्ही लागला. सुनंदानं तो दोन वर्षांपूर्वी आणून दिला होता आणि मी तो कधी चालू पाहिला नव्हता. कुठल्याशा मालिकेतल्या सासवासुना मोठमोठ्यानं भांडत होत्या, आणि मावशी आवाज आणखी वाढवत होती.