किल्ली नसलेली बॅग

परिसर अभ्यास शिकवावा तर मीच! असं सगळेच म्हणत नाहीत. मी मात्र हे अगदी मनापासून म्हणते. "धडा उघडा, वाचा, प्रश्न सोडवा" हा प्रकार माझ्या वर्गात नाही. मुलांनी वस्तू हातात घ्यायच्या, शंका काढायच्या, पुरावा द्यायचा. शिक्षकाने तोंडाला कुलूप लावायचं. हा शेवटचा भाग मला थोडा जड जातो.

गेल्या महिन्यातला उपक्रम होता, "बॅग कुणाची?" एक अनोळखी बॅग उघडायची आणि आतल्या वस्तूंवरून मालकाचं आयुष्य शोधायचं. मलाही उत्तर माहीत नको, म्हणून मी आदल्या दिवशी नवऱ्याला कामाला लावलं.

"घरातल्याच वस्तू घ्या आणि एक काल्पनिक माणूस तयार करा. बाबांच्या घेतल्यात तरी चालतील. मला काही सांगू नका!"

"बरं," हे म्हणाले. आमच्याकडे हे एवढंच बोलतात. आई गेल्यापासून माझे बाबा आमच्याकडे असतात, ते तर तेवढंही बोलत नाहीत. त्यामुळे घरात बोलण्याची सगळी जबाबदारी माझ्यावर पडते.

सकाळी दाराशी राखाडी बॅग तयार दिसली. तशा दोन बॅगा आमच्या घरात आहेत, एकीवर एक फुकट मिळालेल्या. मी उचलली आणि निघाले.

वर्गात मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. "पालक विचारतात, पुस्तक कधी शिकवणार?" असं त्या महिनाभर ऐकवत होत्या. आज बघाच म्हटलं!

मुलं गोल बसली. चेन उघडली. पहिला निघाला स्वेटर.

"बाबांचा!" मी मनात म्हटलं. नवऱ्याने माझं ऐकलं होतं तर!

"बाई, एवढ्या उकाड्यात स्वेटर?" एकीने विचारलं. या मुलीला आम्ही वकीलबाई म्हणतो. "म्हणजे हा माणूस थंडी येईपर्यंत परत येणार नाही."

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. ऐकलंत ना?

मग गोळ्यांची पाकिटं निघाली, भरपूर. रुमालात गुंडाळलेला जादा चष्मा निघाला. एका बाईंचा फोटो निघाला, माझ्या आईचा, पण फ्रेमशिवाय.

"फ्रेम जड होते, म्हणून काढली. त्याला बॅग स्वतःच उचलायची आहे. सोबत कुणी नाही," मागून एक आवाज आला.

बाई गं! मला नवऱ्याचा अभिमान वाटायला लागला. इतक्या वर्षांत या माणसाने भाजीची यादीसुद्धा धड केली नाही आणि इथे अख्खी कादंबरी रचली होती!

त्यानंतर एक डबी निघाली. तिच्यात कानाचं मशीन, आणि सोबत त्याच्या सेलचं न फोडलेलं पाकीट. वकीलबाईने मशीनचं झाकण उघडून दाखवलं. आत सेल नव्हता.

"सेल आहेत, पण घालत नाही. म्हणजे त्याला ऐकायचंच नाहीये!"

"त्याच्या घरात कुणीतरी फार बोलत असणार," एकाने निकाल दिला. वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

"बाई, यात एक गोष्ट नाहीये. घराची किल्ली. परत यायचं असतं तर किल्ली नेली असती," वकीलबाई म्हणाली.

"अगं, नसलेल्या वस्तूवरून कसं..."

"तुम्हीच म्हणालात, काय नाही तेही बघा!"

मी घाईघाईने मोठ्या बाईंना म्हटलं, "सगळं काल्पनिक आहे हं! आमच्या ह्यांनी रचलंय."

"काल्पनिक?" त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "मग मला का वाईट वाटतंय?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो एका दमात एवढं बोलला. "अगं, तुझी बॅग टेबलावरच राहिली! आणि बाबा केव्हापासून त्यांची बॅग शोधताहेत. दाराशी ठेवली होती म्हणतात. त्यांना बॅग कशाला लागते गं?"

मी मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. बसले म्हणजे कोसळलेच. माझा बाप घर सोडून निघाला होता, आणि ते मला चौथीच्या वर्गाने पुराव्यासकट सांगितलं होतं.

"बाई, चुकलं का आमचं?"

"नाही रे. सगळं बरोबर आहे," मी म्हटलं.

फोनवर मी "बाबांना इकडेच घेऊन या" एवढंच म्हटलं होतं. थोड्याच वेळात बाबा दारात. हे त्यांना स्कूटरवरून घेऊन आले होते.

"बाबा, तुम्ही असं न सांगता..." मी सुरू केलं. बाबा शांतपणे भिंतीवरचा नकाशा बघत राहिले. सेल नव्हता ना!

वकीलबाई उठली. तिने पाकीट फोडून एक सेल बाबांच्या तळहातावर ठेवला, मशीन पुढे केलं आणि कानाकडे बोट दाखवलं. बाबांनी गोल बसलेल्या सगळ्या मुलांकडे बघितलं आणि मशीन कानात घातलं.

"आजोबा, किल्ली का नाही घेतली?"

"विसरलो."

"खोटं!" अख्खा वर्ग ओरडला.

बाबांना हसू आलं. किती दिवसांनी! मग ते खुर्चीवर टेकले. "बहिणीकडे निघालो होतो, कायमचा. घरी त्रास काही नाही रे. जेवा सांगतात, झोपा सांगतात, स्वेटर घाला सांगतात. विचारत मात्र कुणी काही नाही."

"मग आम्ही विचारू?"

आणि मुलांनी विचारलं. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. लोकांच्या तारा जोडून देताना कोण रडत होतं, कोण नुसतंच गप्प राहायचं, कुणाला बाळ झाल्याची बातमी त्यांनीच आधी ऐकली, सगळं त्यांनी सांगितलं. मी त्यांची सख्खी मुलगी, आणि यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मोठ्या बाईसुद्धा.

हे स्कूटर घेऊन पुढे गेले. घरी चालत जाताना मी विचारलं, "बाबा, खरं सांगा, का निघाला होतात? मला वाटतं तुम्हाला इथे करमत नाही, त्यात उकाडा, शिवाय ह्यांचा स्वभाव..."

बाबांचा हात कानाकडे गेला.

मी गप्प झाले. हात खाली आला. मग बरंच चालल्यावर बाबा स्वतःहून बोलायला लागले.

बॅग अजून दाराशीच आहे. पण आईचा फोटो फ्रेममध्ये परत गेलाय, आणि गेल्या आठवड्यात स्वेटरही कपाटात दिसला. रोज संध्याकाळी मी एक प्रश्न विचारते आणि तोंडाला कुलूप लावते. फार अवघड उपक्रम आहे हो! परवा उत्तराच्या मध्येच मी "त्याचं काय आहे ना बाबा" एवढंच म्हटलं, तर ते उठले आणि स्वेटर घेऊन आले.