नागनाथअप्पांचा पोळा

नागनाथअप्पा नव्या माणसाचं तोंड बघत नाहीत, पाय बघतात. आम्ही कळंबला भाड्याच्या घरात आलो त्या दिवशी शेजारच्या ओट्यावरून त्यांनी माझ्या नवऱ्याला टेम्पोपासून दारापर्यंत दोनदा चालायला लावलं आणि निकाल दिला, "डावा पाय आत पडतोय. बाकी जनावर गरीब हाये."

अप्पा बैलबाजारातले दलाल. चाळीस वर्षं लोकांच्या बैलजोड्या जमवून दिल्या. आता बाजार सुटला, बायको गेली, मूलबाळ नाही. डोळा तेवढा राहिला. मी बँकेतून संध्याकाळी घरी आले की ओट्यावरून ठरलेलं ऐकू येतं, "चाल बघा, चाल. आज लई वढलेलं दिसतंय." त्यावर उत्तर द्यायचंही त्राण माझ्यात नसतं.

यंदा पोळ्याला माझ्या पाच वर्षांच्या ओवीला मातीचे बैल करायचे होते. आमच्याकडं खरे बैल नाहीत, तेव्हा पूजेला मातीचेच. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. चार पाय, दोन शिंगं, संपलं. चूक एवढीच झाली की माती अप्पांकडं मागितली.

माती घेऊन अप्पाच आले. ओवीचा पहिला बैल हातात धरून त्यांनी त्याचं तोंड उघडून बघायचा प्रयत्न केला. "दात न्हाईत. वय कसं कळायचं?" म्हणाले, आणि बैल परत गोळ्यात गेला. दुसऱ्याचं वशिंड कलतं होतं. तिसऱ्याची शिंगं बरी होती, पण शेपूट आखूड. "खोडीचं जनावर दारात उभं करू न्हाय," एवढंच वाक्य, की झाला पुन्हा गोळा. सलग चार संध्याकाळी हेच. फरशीवर माती, सोफ्यावर माती, कणकेतसुद्धा माती. ओवी कुरकुर न करता पुन्हा वळायला घ्यायची. रडू मला यायचं.

"अप्पा, पाच वर्षांची आहे हो ती," मी एकदा म्हटलं.

"तवाच डोळा बसतो, बाई. तुमच्या वयात न्हाय बसत."

पोळ्याच्या दिवशी ओवीनं उरलेल्या मातीचा शेवटचा बैल केला. एक पाय तोकडा, मान खाली, एक शिंग गळून पडलेलं. "आई, हा मोडू द्यायचा नाही," तिनं मला बजावलं. भांडायचं बळ नव्हतं, तरी अप्पा दारात दिसले तशी मी बैल ठेवलेल्या पूजेच्या पाटासमोर उभी राहिले.

अप्पांच्या हातात त्यांनी स्वतः केलेली जोडी होती, दातांसकट. ती त्यांनी पाटावर ठेवली आणि ओवीचा बैल उचलून चहूबाजूंनी बघितला.

"ह्येला काय झालंय गं?"

"दमलाय तो," ओवी म्हणाली.

अप्पांनी बैलाच्या खाली गेलेल्या मानेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "जोडी तुला, ह्यो मला. पण सौदा रीतीनं."

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हातात हात घालून, बोटं दाबून ठरवतात. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला, ओवीनं त्याखाली हात घातला. दोघंही गंभीर चेहऱ्यानं समोर बघत राहिले. माझं पुरण खाली लागायला आलं तरी सौदा चालूच. शेवटी अप्पांनी मान हलवली आणि बैल ओंजळीत धरून घेऊन गेले.

"किती बोटं दाबली गं?" मी ओवीला विचारलं.

"एकपण नाही. नुसता हात धरला होता."

मला फार वाईट वाटलं. चार दिवस मी ह्या माणसावर मनातून चिडत होते. पोळीचं ताट घेऊन त्यांच्याकडं गेले. अप्पांनी बैलाला कुंकू लावून उशीवर आडवं ठेवलं होतं.

"उभं न्हाय केलं. दमलंय म्हणली ना पोरगी," ते म्हणाले. ताट घेताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी बी बसा घडीभर."

मी बसले. बऱ्याच दिवसांत तसं कुणी म्हटलं नव्हतं.