डावखुऱ्यालाच देणार

माझी गिटार मी चार दिवसांत विकून दाखवते, आणि तीही डावखुऱ्या माणसालाच, असं मी जेवताना जाहीर केलं. श्रोते तीन होते. नवरा, सासूबाई आणि नऊ महिन्यांची आमची चिमणी. विश्वास ठेवला तो एकट्या चिमणीने, तोसुद्धा तोंडात चमचा होता म्हणून.

ही गिटार दुकानातली नव्हे. लग्नाआधी एका कारागिराने माझ्या पंजाचं माप घेऊन ती घडवली होती. मी डावरी, म्हणून तिचं सगळंच दुसऱ्या अंगाने. जाड तार तिकडे, तारांखालची घोडी तिकडे तिरकी, पोटातल्या लाकडी पट्ट्यासुद्धा तिकडे. चिमणी झाल्यापासून ती कोपऱ्यात उभी होती. आता चिमणी रांगायला लागली आणि तिच्या कव्हरला धरून उभी राहू पाहते. एक ना एक दिवस दोघी एकदम आडव्या होणार. शिवाय न वाजवलेलं वाद्य मुकं होत जातं. मला तर वाजवायला वेळच नव्हता. असं मी स्वतःला दिवसातून तीनदा बजावत होते. पण जिथे जाईल तिथे ती जशी घडवली तशीच वाजली पाहिजे, एवढी एक अट होती.

"तारा उलट्या लाव आणि देऊन टाक," नवरा म्हणाला. "जगात उजवेच जास्त."

"तू उद्या उजवा बूट डाव्या पायात घालून ऑफिसला जाऊन ये. मग बोलू."

नवऱ्याने पाणी मागितलं.

जाहिरात मीच केली. कडेवर चिमणी, दुसऱ्या हातात गिटार, समोर फळीवर टेकवलेला फोन. दोघी नीट मावतात की नाही ते दिसावं म्हणून पुढचा कॅमेरा लावला. फोटोखाली लिहिलं : 'डावखुऱ्यांसाठी खास घडवलेली गिटार. उजव्यांनी तसदी घेऊ नये.'

उजव्यांनी तसदी घेतली.

पहिले आले ते बँकेतले साहेब, कडक इस्त्रीचे. त्यांनी गिटार अशी धरली, जसं लोक दुसऱ्याचं ओलं बाळ धरतात.

"ताई, फोटोत सरळ आहे. इथे उलटी कशी?"

"सरळच आहे. तुम्ही उलटे आहात."

ते चहा न घेता गेले. मग एक संगीतशिक्षक आले. गिटार मांडीवर घेऊन त्यांनी आधी सुस्कारा टाकला.

"डाव्या हाताची सवय लहानपणीच मोडायला हवी होती."

"मोडायचं बरंच काही राहून गेलंय या घरात," सासूबाई आतून म्हणाल्या. "तुम्ही चहा घेणार की निघणार?"

सासूबाईंचं आणि माझं एकमत होण्याची ही वर्षातली पहिलीच वेळ.

तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला आला. त्याला डावंउजवं काहीही चालत होतं, कारण गिटार भिंतीवर खिळ्याला टांगायची होती. त्याला मी दारातूनच परत पाठवलं.

आणि डावखुरं एकही माणूस फिरकलं नाही. उलट जाहिरातीखाली एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, 'फोटो उजव्या गिटारचा, मजकूर डाव्यांचा. आम्हा डावखुऱ्यांना फसवण्याचा हा नवा प्रकार दिसतो.'

माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, 'डावं कुठलं ते आधी शिकून घ्या. हिंमत असेल तर घरी येऊन बघा.' आणि पत्ता दिला.

तासाभराने नणंदेचा फोन. "वहिनी, फोटो गोड आलाय. पण चिमणीच्या झबल्यावरची अक्षरं उलटी का?"

मी फोटो उघडला. अक्षरं उलटी होती. माझा भांग उलटा होता. गिटारही उलटी होती. पुढच्या कॅमेऱ्याने आरशासारखं सगळं फिरवून ठेवलं होतं. तीन दिवस मी उजव्यांना हाताला धरून घरी बोलावत होते आणि आले की हाकलत होते.

माफी मागावी, असं एक मन म्हणालं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात डॉक्टरीणबाई. पदर खोचल्यासारखा चेहरा. "दाखवा."

मी गिटार पुढे केली. त्यांनी ती घेतली, आणि दांडी आपोआप उजव्या हातात गेली, तारा छेडायला डावा मोकळा. चेहरा उतरत उतरत वेगळाच झाला.

"खरंच डावी आहे हो," त्या हळूच म्हणाल्या.

"फोटो चुकला. पण माझं लिहिलेलं बरोबर होतं," मी म्हणाले. माफीचा भाग एवढाच.

"आमच्या दवाखान्यातल्या खुर्चीची सगळी अवजारं उजवीकडे. बारा वर्षं पेशंटच्या अंगावरून हात नेतेय. शाळेत गिटार शिकायला गेले, तर मास्तरांनी दोन दिवसांत घरी पाठवलं. ही मी घेते." मग त्या थबकल्या. "पण शिकवणार कोण? तेच मास्तर?"

"ते कशाला? मी आहे ना! आठवड्यातून दोनदा या!" माझ्या तोंडून निघून गेलं.

नवरा दारात उभा राहून हिशेब लावत होता. "म्हणजे गिटार विकली, तरी ती आठवड्यातून दोनदा घरी येणार? आणि सोबत एक बाईपण?"

"डावखुऱ्याला विकली ना? चार दिवसांत?"

"ते खरं," तो म्हणाला आणि चिमणीला घेऊन आत गेला.

पहिला धडा लगेच झाला. मी त्यांची बोटं तारांवर ठेवली. "घट्ट दाबा."

दाबली. तोंड वाकडं झालं.

"थोडंसंच दुखेल. मग कळतसुद्धा नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे वाक्य मी रोज वीस जणांना सांगते. अजून एकालाही खरं वाटलेलं नाही."

मग काय, मीच गिटार मांडीवर घेतली. इतक्या महिन्यांत माझी बोटं लोण्यासारखी मऊ पडली होती. पहिलीच तार अशी रुतली की डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बघा," मी म्हणाले. "कळतसुद्धा नाही."