साडेआठ किलोंची नात

"माझ्या हाताखालून पास झालेली वस्तू आजवर पडलेली नाही!" इन्स्पेक्टरांनी फोनवर लेकीला छातीठोकपणे सांगितलं. "तू फक्त बाळाला घेऊन ये. कॉट, बाबागाडी, मोटारीतली सीट, सगळं मी जुन्यात घेतो आणि नव्याहून पक्कं करून देतो!"

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत, लिफ्टचे. अख्खी नोकरी त्यांनी लोकांच्या लिफ्ट तपासण्यात घालवली. निवृत्त झाले, पण जित्याची खोड! खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघायचे. कुठल्या हॉलमध्ये डोक्यावर पंखा आला की जागा बदलायचे. जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यालाही असे काही प्रश्न विचारले की बिचाऱ्याला वाटलं, आता हे आपल्यालाही धरून हलवतात की काय!

लेक सातासमुद्रापार. नात तिकडेच जन्मली. आधी इन्स्पेक्टरांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग जावयाची नोकरी बदलली, आणि भेट आपली पुढे पुढे जात राहिली. नात पाहिली ती फोनवर, तीही खांद्यापर्यंत. रोज ती त्यांच्याकडे बघून खदखदून हसायची, मग पडदा चाटायची, मग फोन बंद व्हायचा. तिचे पाय कसे आहेत, मांडीवर कशी बसते, उचलल्यावर जड लागते की हलकी, यातलं आजोबांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. फोन बंद झाला तरी ते काळ्या काचेकडे बघत बसायचे आणि त्यांना फार एकटं वाटायचं.

लेकही बापाचीच! "बाबा, जुनं घ्या, माझी हरकत नाही. पंधरा दिवसांसाठी नवं कशाला? पण वस्तू धोक्याच्या वाटल्या, तर आम्ही झोपायला हॉटेलात जाऊ. दिवसा येऊ भेटायला. आत्ताच सांगून ठेवते."

"हॉटेलात?" एवढ्या लांबून नात येणार आणि रात्री दुसऱ्याच्या छपराखाली झोपणार! त्यांनी त्याच संध्याकाळी टेप, टॉर्च आणि चष्मा पिशवीत भरला.

सुरुवात मोटारीतल्या सीटपासून झाली. विकणारा एक तालीमबाज तरुण होता.

"गाडीला अपघात झालाय कधी?"

"छे छे! म्हणजे एकदा मागून जरासं लागलं होतं."

"सीट बाद!"

"अहो काका, बाळ नव्हतं तेव्हा सीटमध्ये!"

"सीट होती ना गाडीत? मग धक्का तिने खाल्ला. आतून कुठे चीर गेली असेल, ते ना तुम्हाला दिसणार ना मला."

दुसऱ्या घरच्या सीटच्या पाठीवर वापराची मुदत छापलेली होती आणि ती केव्हाच उलटून गेली होती. तिथल्या बाई भडकल्या. "सीटला कसली मुदत? दूध आहे का ते नासायला?"

"प्लास्टिकही म्हातारं होतं, बाई," इन्स्पेक्टर म्हणाले. "बाहेरून कळत नाही, इतकंच. माझ्याकडेच बघा!"

अखेर एका मास्तरणीकडे सीट मिळाली. पट्टे शाबूत, बकल खटकन लागणारं, मुदत शिल्लक, अपघात नाही. इन्स्पेक्टर इतके खूश झाले की त्यांनी मास्तरणीचा दरवाजाही फुकटात तपासून दिला.

मग कॉट. तिच्यासाठी त्यांनी शीतपेयाचा एक डबा बरोबर ठेवला होता. डबा गजांमधून आरपार गेला की कॉट बाद, कारण डबा जातो तिथून बाळाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. हिशेब चोख होता. पण एका घरच्या आजींना वाटलं, पाहुणा खाऊ घेऊन आलाय! त्यांनी "कशाला आणलंत हो?" म्हणत डबा फोडला आणि दोन ग्लासांत ओतलाही. इन्स्पेक्टर निमूटपणे मोजमापाचं साधन प्यायले. कॉट मात्र तिथेच मिळाली. रिकामा डबा गजांमधून गेला नाही, बाजू खाली सरकून बाळ पडावं अशी नव्हती, एकही स्क्रू गायब नव्हता आणि गादी चारी बाजूंनी चपखल बसत होती. निघताना आजी कॉटच्या कठड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आमची नात शाळेत जाते आता. येते अधूनमधून." इन्स्पेक्टरांनी कॉट अगदी जपून उचलली.

पण रिकाम्या वस्तूची तपासणी म्हणजे नवरीशिवाय लग्न! भार टाकल्याशिवाय लिफ्ट पास होत नाही, मग कॉट कशी होणार? इन्स्पेक्टरांनी लेकीला बाळाचं वजन विचारलं आणि वाण्याकडे जाऊन तेवढेच तांदूळ मागितले.

"साडेआठ? सरळ दहा न्या की, काका!"

"साडेआठच. नात आहे ती."

वाण्याने एकदा काट्याकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं.

उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून तोंड शिवलं आणि नात तयार झाली! ती कॉटमध्ये निजली, सीटमध्ये बसली, सगळीकडे पास झाली. काम संपलं. तरी एका दुपारी बायको खोलीत आली, तर इन्स्पेक्टर तांदळाचा अभ्रा खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताहेत!

"अहो, काय चाललंय?"

"भार... भार कुठे येतो ते बघतोय."

"थोपटून?"

इन्स्पेक्टर पकडले गेले. बायको हसून निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी पाहतात, तर अभ्र्याला विणलेला लोकरी स्वेटर आणि कानटोपी!

"हे काय?"

"मापाचा होतोय का ते पाहिलं."

"तांदळाला?"

"तुम्ही थोपटलेलं चालतं, आणि मी घातलेलं चालत नाही होय?"

आता राहिली बाबागाडी. ती दातांच्या डॉक्टरीणबाई विकत होत्या. त्यांचा दवाखाना एका उताराच्या रस्त्यावर, वरच्या टोकाला होता. बाईंचे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात होते. "खाली ठेवलीय, बघून घ्या. ब्रेक एकदम पक्का आहे!" त्या आतूनच ओरडल्या.

ब्रेक पक्का! हे वाक्य इन्स्पेक्टरांनी आयुष्यभर ऐकलं होतं. त्यांनी गाडी उतारावर आणली, स्वेटर-टोपीवाली तांदळाची नात आत बसवली, पट्टे आवळले आणि ब्रेक दाबला. वारा सुटला होता, म्हणून टोपी जरा सरळ केली. मग नियमाप्रमाणे चार पावलं मागे सरून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

गाडी थांबली. गाडीने विचार केला. गाडी निघाली!

"अहो, बाळ!" समोरून येणाऱ्या एका बाईने हातातल्या पिशव्या टाकल्या. इस्त्रीवाला इस्त्री टाकून धावला. बँकेचा रखवालदार धावला. त्याची टोपी त्याच्याआधी धावली! अख्खा रस्ता त्या गाडीच्या मागे लागला. धावत नव्हते ते एकटे इन्स्पेक्टर. ते मान तिरकी करून गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत होते.

"धावू नका!" ते वरून ओरडले. "जाऊ द्या! कुठवर जाते ते बघायचंय मला!"

हे ऐकून पिशव्यावाली बाई मटकन खालीच बसली.

गाडी उताराच्या तळाशी न्हाव्याच्या दुकानात शिरली. खुर्चीवर अर्धी दाढी झालेला एक गृहस्थ होता. तो फेसासकट उठला, झेप घेतली आणि गाडीतलं बाळ वरच्यावर उचललं. पण पट्टे आवळलेले होते. अभ्रा टरकन फाटला आणि स्वेटरखालून तांदळाची धार लागली. तो गृहस्थ असा काही किंचाळला की न्हाव्याच्या हातून वस्तरा पडला.

आणि हा गृहस्थ निघाला सुट्टीवरचा पोलीस हवालदार!

"बाळाचं कोण आहे इथे?" हवालदारांनी अर्ध्या तोंडाने दरडावलं.

"मी आजोबा," इन्स्पेक्टर शांतपणे उतरत आले. "तुम्ही भार मधेच उचलायला नको होता. चाचणी अर्धवट राहिली."

पुढचं काय सांगावं! चाचणी म्हणजे काय, लिफ्टचा यात काय संबंध, आणि तांदळाला कानटोपी कशाला, हे सगळं त्यांना न्हाव्याच्या बाकावर बसून गर्दीला समजावून द्यावं लागलं. पहिल्या दोन गोष्टी लोकांना पटल्या. तिसरीला इन्स्पेक्टरांकडेही नीटसं उत्तर नव्हतं.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ पोचला होता. कुणीतरी दवाखान्याच्या खिडकीतून काढला होता आणि तो फिरत फिरत थेट सातासमुद्रापार गेला होता.

"बाबा!" लेकीचा आवाज चढला होता. "भर रस्त्यात उतारावरून गाडी सोडलीत? मधे कुणी आलं असतं म्हणजे? आईच्या मैत्रिणींपर्यंत गेलंय ते! मी हॉटेल बुक करतेय!"

इन्स्पेक्टर आयुष्यात पहिल्यांदाच काही समर्थन न देता उभे राहिले. "रस्त्यावर नको होतं करायला," ते म्हणाले. "मला वाटलं, काही राहून जायला नको. मला तिचं काहीच ठाऊक नाही, बाळा. तिला एकदा घरात झोपलेलं बघायचंय, एवढंच."



"व्हिडिओ मी दोनदा पाहिला," लेक म्हणाली. आवाज उतरला होता. "गाडी सोडायच्या आधी तुम्ही तिची टोपी सारखी केलीत."

"वारा होता."

"तांदळाला वारा लागत होता?"

"हो," इन्स्पेक्टर म्हणाले.

लेकीने नाक ओढलं. "ब्रेक नापास ना?"

"साफ नापास!"

"मग हॉटेलातली कॉट कोण तपासणार? घरीच येतो आम्ही."

आणि आले! दारात लेक, मागे जावई आणि लेकीच्या कडेवर ती. पाय होते! गुबगुबीत, एक मोजा हरवलेले. इन्स्पेक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नातीने त्यांच्याकडे पाहिलं, खाली बुटांपर्यंत पाहिलं, पुन्हा वर पाहिलं आणि असं काही भोकाड पसरलं की शेजारचं दार उघडलं! बिचारीने आजोबा आजवर तळहाताएवढाच पाहिला होता. हा एवढा मोठा आजोबा तिला कुणी सांगितलाच नव्हता!

जरा थांबून पुन्हा गेले, पुन्हा रडं. चष्मा काढून गेले, जास्तच रडं! शेवटी इन्स्पेक्टर आतल्या खोलीत जाऊन दाराआड बसले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. बाहेर पडद्यावर आजोबांचं तोंड उमटलं. नात खदखदून हसली. ते हसू आधी भिंतीपलीकडून आलं आणि मग फोनमधून.

"अहो, एवढंच करायचं होतं तर विमान कशाला हवं होतं?" बायको डोळे पुसत म्हणाली.

"थांब गं," इन्स्पेक्टर आतून कुजबुजले. "भार एकदम टाकायचा नसतो. टप्प्याटप्प्याने." आणि फोन तसाच चालू ठेवून त्यांनी दाराच्या फटीतून एक बोट बाहेर काढलं.

नातीने पडद्यावरच्या आजोबांकडे पाहिलं. बोटाकडे पाहिलं. लेकीच्या मांडीवरून उतरून ती रांगत दारापाशी आली आणि तिने ते बोट मुठीत घट्ट धरलं. मग तिने बोट सरळ तोंडात घातलं!

"अहो!" बायको ओरडली. "हात धुतलेत का?"

इन्स्पेक्टर सकाळपासून दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते. अख्ख्या घराची तपासणी झाली होती, तेवढं एक बोट राहिलं होतं. पण ते काढून घ्यायला काही ते तयार नव्हते.