दोघांनाही सहा नंबर

पोलादपूरच्या बाजारात जुन्या लग्नांत जीव ओतणारा एकच माणूस आहे, आणि तो मी! पटत नसेल त्याने खुशाल महाडला जावं.

गेल्या आठवड्यात कुडपणच्या तुळजाबाई दोन मुलांना घेऊन दुकानात आल्या. नवरा, म्हणजे आबा, वारलेले. त्यांचा आवाज उरलाय तो फक्त मुलीच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये. ते शूटिंग दोन जुन्या हार्ड डिस्कवर अर्धं-अर्धं, दोन्ही एकत्र जोडल्याशिवाय दिसत नाही. आणि वाटणीत थोरल्या रावजीने एक डिस्क नेलेली, धाकट्या भिकाजीने दुसरी!

"एकदा ह्यांचा आवाज ऐकव रे सुहास," तुळजाबाई म्हणाल्या.

माझा जुना कॉम्प्युटर अजून धडधाकट आहे. त्यात सगळ्या डिस्क एकाच केबलवर बसतात. प्रत्येकीला वेगळा नंबर. जिच्या नंबराची हाक येईल तिनेच ओ द्यायची. सात नंबर कॉम्प्युटरच्या कार्डाचा, त्याखालचा मान सहाला. हे मी ऐटीत समजावून सांगितलं आणि पेटलं!

"सहा माझा. मी थोरला हाय!" रावजी म्हणाला.

"वाटणीत मान सारखा ठरलाय. मी पाच घेनार नाय!" भिकाजी म्हणाला.

शिमग्यात पालखी दारात आली की हे दोघे नारळसुद्धा एकाच वेळी फोडतात, कुणी दुसरा ठरू नये म्हणून. मग मी म्हटलं, हात्तिच्या, दोघांनाही सहा! भावकी कशी सांभाळायची ते डिस्क बनवणाऱ्याला काय कळतंय?

बटण दाबलं. कॉम्प्युटरने सहाला हाक मारली, दोन्ही डिस्कनी एकदम ओ दिली, त्याला एकीचंही कळेना. पडदा काळाठिक्कर!

"तुझ्या डिस्कनं माझी बिघडवली!"

"तुझीच सडकी हाय!"

"नंबर बरोबर आहेत!" मीही ओरडलो. "कॉम्प्युटरच हेकट आहे!"

"गप बसा!" तुळजाबाई कडाडल्या. "भिकाजी, तू पाच."

"पन आये..."

"पाच!"

भिकाजीच्या डिस्कच्या पाठीवरचं, नंबर ठरवणारं बारीक टोपण मी पाचवर सरकवलं. माझं चुकलं म्हणून नव्हे हं, म्हातारीच्या शब्दाला मान म्हणून!

आणि मांडव दिसला! त्यात हेच दोघे, तरणे, आहेर आधी कुणी करायचा यावरून भांडतायत. आबांनी हात उगारून तोंड उघडलं.

"बघ, तुला बोलतायत!" दुकानातले दोघे एकदम ओरडले.

"मेल्यांनो, काय ऐकू आलं नाय! सुहास, ह्यांना भाईर काढ!"

दोघे एकदम उठले आणि दारात अडकले. मागून निघायला कुणी तयार नाही. शेवटी मी शूटिंग मागे नेलं आणि स्पीकर पुरा वाढवला. अख्ख्या बाजारात आबा गरजले, "अरे, एकेकानं बोला रे गाढवांनो!"

तुळजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "हां," त्या म्हणाल्या, "ह्येच ते."