जुळ्यांसाठी सोडलेला चहा

"अहो, आता तरी आईंना खरं सांगा," ब्राह्मी कुजबुजली. सासूबाई तिच्यासाठी आणखी एक भाकरी आणायला आत गेल्या होत्या. श्रेयांसनं मान खाली घालून आमटी भुरकली.

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना नीट समजावलं होतं. पोट महिन्यांच्या मानानं मोठं दिसतंय, कारण गर्भाशयात फायब्रॉईडची गाठ आहे. ती कॅन्सरची नाही. बाळ छान आहे. गाठीला आता हात लावायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचं, आणि दुखलं तर लगेच यायचं. पण श्रेयांसची मावशी गाठीनंच गेली होती. तेव्हापासून आई, म्हणजे त्रिशलाबाई, तो शब्द कानावर पडला तरी अंथरूण धरत.

निपाणीला परतल्यावर त्यांनी सुनेचं पोट न्याहाळून विचारलं, "जुळी हाईत व्हय रं?"

"व्हय," श्रेयांस बोलून गेला. उद्या खरं सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं. भित्र्या माणसाला उद्याचा फार आधार असतो.

उद्या उजाडायच्या आत बातमी जैन बस्तीत, म्हणजे देवळात, पोचली. शेजारच्या मनुबाईंनी दुपट्यांची जोडी शिवायला घेतली. आणि ज्यांची डोकेदुखी चहाशिवाय उतरत नसे, त्या त्रिशलाबाईंनी भगवंतासमोर नियम घेतला: दोन्ही नातवंडं मांडीवर येईपर्यंत चहा बंद! घेतलेला नियम मोडायची त्या घरात रीत नव्हती. रोज सकाळी आई डोकं बांधून बसायची आणि श्रेयांस चोरासारखा बाहेर जाऊन चहा प्यायचा.

मग एका दुपारी ब्राह्मी पोट धरून खाली बसली.

"दोन जीव हाईत बाई, दुखायचंच. सोस वाईच," त्रिशलाबाई तिची पाठ चोळत म्हणाल्या.

ब्राह्मीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही, तोंडही उघडलं नाही. ती कळवळून ओरडली, तेव्हा कुठे त्यानं गाडी काढून दोघींना बसवलं.

बेळगावात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गाठीला रक्त कमी पडतंय म्हणून कळा येतायत, बाळाचे ठोके उत्तम आहेत; औषध देऊ, विश्रांती हवी, असं त्या म्हणाल्या.

"कसली गाठ? माझी दोन्ही लेकरं बरी हाईत न्हवं?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"दोन्ही? एकच तर आहे!"

बाहेरच्या बाकावर श्रेयांसनं सगळं कबूल केलं. आई आता अंथरूण धरणार, या भीतीनं तो तिच्या शेजारीच बसून राहिला. त्रिशलाबाई ताठ बसल्या होत्या.

"तिला गाठ दुखत हुती, आन मी सोस म्हनले. तू हुबा ऱ्हाऊन ऐकलास?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला आणि खालून चहा घेऊन आला.

"घे आई. जुळं नव्हतंच, मग नियम कसला?"

"देवाम्होरं मी दोन म्हनलंय. खोटं तू बोललास, पर शब्द मी दिलाय." त्यांनी पेला हातानं बाजूला सारला. "गाठ म्हनला असतास, तर एक दीस रडले असते रं. दुसऱ्या दिशी चा पिऊन तुमच्यासंगं हितं आले असते."